पिकअप वाढवून देतो म्हणाले आणि गिअरबॉक्स गेला

रिमॅपचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलण्याचे, 18,500, हेवी क्लचचे 27,400, फ्लायव्हीलचे (इंजिन आणि क्लच यांच्यामधले जड चाक) 16,000, टोचनचे 4,500 आणि ‘रिकंडिशन’ गिअरबॉक्सचे 68,000. पाच महिन्यांत माझे एकूण 1,34,400 रुपये गेले. त्यांतले टोचनचे सोडले, तर बाकी सगळे धुळ्यातील एकाच गॅरेजने घेतले, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून आहेत फक्त दोन कच्च्या पावत्या आणि एका खाजगी खात्यावर पाठवलेल्या पैशांच्या नोंदी.

चाळीसगावात माझे ठिबकच्या साहित्याचे दुकान आहे आणि मालासाठी आठवड्यातून दोनदा कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. गाडी दीड लिटरची डिझेल, 62,000 किलोमीटर चाललेली. मागे फिटिंगची खोकी भरलेली असली की घाटात ती रडायची. मला शर्यत लावायची नव्हती, चढावर गाडी अडू नये एवढेच हवे होते. बावीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते असे आता घरचेही म्हणतात, परंतु ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या त्या संगणकातला, प्रोग्राम बदलला की आतल्या कोणत्या भागावर किती भार पडतो, हे सामान्य ग्राहकाला कोण सांगतो? मी तर रिमॅपच्या आधी गॅरेजवाल्याला गिअरबॉक्सविषयी स्पष्ट शब्दांत विचारले होते. उत्तर मिळाले, “भाऊ, काहीच व्हनार नही. गिअरबॉक्स लोखंडना शे.”

तो माणूस माझ्याशी सतत घोड्यांच्या भाषेत बोलला, किती हॉर्सपॉवर वाढेल तेवढेच सांगत राहिला. गिअरबॉक्सचे दात मोडतात ते टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने. माझ्या इंजिनाचा टॉर्क कंपनीच्या हिशेबाने 250 न्यूटन मीटर होता आणि रिमॅपनंतर तो 320 होईल असे त्याने स्वतःच कच्च्या पावतीवर लिहून दिले आहे. पहिल्या गिअरमध्ये पीळ साधारण 3.6 पट होतो असे धरले, तर आतल्या शाफ्टवर पूर्वी 900 न्यूटन मीटरचा पीळ येत होता, तो 1,152 झाला. टर्बो डिझेलमध्ये ही वाढ कमी आरपीएमवरच सर्वांत जास्त मिळते आणि घाटात आपण नेमके तिथेच, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून चढत असतो. गिअरचे दात तिरके कापलेले असल्यामुळे ते फिरताना एकमेकांना बाजूलाही ढकलतात. जोर वाढला की शाफ्ट एकमेकांपासून दूर सरकू पाहतात, अॅल्युमिनियमचे केसिंग किंचित ताणले जाते, बेअरिंगवर भार येतो आणि दाताचा पूर्ण पृष्ठभाग टेकण्याऐवजी फक्त कड टेकते. मग त्या कडेवर आधी बारीक खड्डे पडतात, मुळाशी चीर जाते आणि शेवटी दात सुटतो. हे सर्व मला नंतर कळले. त्याला ते आधीपासून माहीत होते.

तीन आठवड्यांनी क्लच घसरू लागला. पाचव्या गिअरमध्ये आरपीएम वर जायचा आणि गाडी तिथेच राहायची. आज कळते की तो क्लच घसरून गिअरबॉक्स वाचवत होता. घरातल्या फ्यूजसारखे त्याचे काम होते. गॅरेजवाल्याने मात्र कंपनीचा क्लच कमजोर आहे असे सांगून हेवी क्लच बसवला. त्याच वेळी आत स्प्रिंगा असलेले, इंजिनाचे धक्के पोटात घेणारे दुहेरी फ्लायव्हील काढले आणि अखंड लोखंडाचे टाकले. म्हणजे फ्यूज काढून तार जोडली, आणि त्याचे माझ्याकडून 43,400 रुपये घेतले.

ज्या क्षणी मला कळायला हवे होते, तो क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. क्लचच्या कामात गिअर ऑइल काढले, तेव्हा मी गाडीशेजारी उभा होतो. ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असते. त्यावर काळसर लगदा साचला होता आणि त्या लगद्यात नखाच्या कडेएवढे दोन चंदेरी कपचे चमकत होते. पीठासारखा बारीक चुरा कोणत्याही जुन्या गिअरबॉक्समध्ये निघतो, कपचे निघत नाहीत. मी बोट पुढे केले, तेवढ्यात गॅरेजमधल्या पोराने बोल्ट फडक्याने पुसला आणि मालकाने मला चहाला बोलावले. मी गेलो. तो बोल्ट हातात घेऊन दोन प्रश्न विचारले असते, तर गाडी तिथेच थांबली असती. तुम्ही मात्र हे करा: ऑइल काढताना चुंबक स्वतः पाहा आणि त्याचा फोटो घ्या.

त्यानंतर फक्त तिसऱ्या गिअरमध्ये, तेही जोर दिल्यावर, हूं-हूं असा आवाज येऊ लागला. अॅक्सिलरेटर सोडला की आवाज बंद. असा आवाज आला तर गाडी एक दिवसही चालवू नका. मी चालवली, कारण “नवीन क्लच सेट होतोय” असे मला सांगितले गेले होते. 12 ऑगस्टला घाटातल्या एका वळणावर कडाड आवाज झाला आणि गाडी मागे सरकू लागली. शेजारी बसलेल्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्यावर वळ होते.

मग गिअरबॉक्सही कमजोर ठरला आणि 68,000 चा दुसरा बसवला गेला. अकराव्या दिवशी तोही ओरडू लागला. आमच्या गावातल्या जुन्या मिस्त्रींनी तो उघडला, तेव्हा केसिंगवरचा नंबर ग्राइंडरने घासलेला होता, बेअरिंग जुन्याच होत्या आणि दोन गिअरच्या दातांवर खड्डे होते. भंगारातला गिअरबॉक्स धुऊन, रंगवून मला विकला होता.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्यांदा सांगितले, “हा दिवाणी वाद आहे.” घासलेला नंबर दाखवला, तर गाडीचा चेसिस नंबर शाबूत आहे ना, असा उलट प्रश्न आला. परिवहन कार्यालयात गेलो, तर गॅरेजवर आमचे नियंत्रण नाही म्हणाले, आणि वर बजावले की विनापरवानगी बदलाबद्दल मालकालाच 5,000 रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात मालकाच्या दंडाची तरतूद आहे हे खरे, परंतु तेच बदल उघड्या रस्त्यावर फलक लावून विकणाऱ्याकडे कोणीच का जात नाही? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ईसीयू तपासला आणि वॉरंटी नाकारली. प्रत्येक टेबलावर मीच आरोपी होतो.

शेवटी एका वकील मित्राने सांगितले ते इथे लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे गॅरेज धुळ्यात असले तरी मी जळगावला दाद मागू शकतो. आपण दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. पक्के बिल मागा, खाजगी खात्यावर पैसे पाठवू नका आणि काढलेला प्रत्येक भाग ताब्यात घ्या. माझा भाचा गॅरेजमध्ये अडून बसला म्हणून तुटलेला तिसरा गिअर तरी मला परत मिळाला. त्याचे चार दात मुळापासून गेलेले आहेत. दुकानाच्या गल्ल्याशेजारी तो प्लास्टिकच्या डब्यात ठेवला आहे, आणि पुढच्या आठवड्यात दाखल होणाऱ्या तक्रारीसोबत तोच पहिला पुरावा म्हणून देणार आहे.