युरो ट्रक सिम्युलेटर २ चा मॅप: नवीन देश घ्यावेत की जुना जर्मनी परत फिरावा?

युरो ट्रक सिम्युलेटर २ म्हणजे कॉम्प्युटरवर ट्रक चालवून युरोपभर माल पोचवायचा गेम. आधीच सांगतो, हा रिव्ह्यू पूर्ण गेमचा नाही, फक्त मॅपचा आहे. ट्रक कुठला भारी, इंजिनाचा आवाज कसा, ग्राफिक्स कसे, ह्यावर लोक भरपूर बोललेत. मी गेली चार-पाच वर्षं हा गेम मॅपसाठीच उघडतो, म्हणून त्याबद्दलच लिहितोय, आणि इथे इंदूरमध्ये माझ्या ओळखीत जो कोणी गेम घेतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो की भाऊ आता पुढचं कुठलं एक्सपान्शन, म्हणजे वेगळे पैसे देऊन मॅपला जोडायचा नवीन भाग, घेऊ.

मी खेळतो तेव्हा बरेचदा शेजारी मामा बसलेले असतात. मामा लोहामंडीत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात होते, स्वतःची दहाचाकी होती, इंदूर–मुंबई लाइन, गुडघे जाईपर्यंत स्वतः चालवायचे. सुरुवातीला ते फक्त चहा प्यायला यायचे, आता रविवारी स्वतःच विचारतात, "आज कुठली बिल्टी आहे?" त्यांचं मत मी रिव्ह्यूत धरतो, कारण मला जे सुंदर दिसतं ते त्यांना बरेचदा खोटं दिसतं आणि मला जे दिसतच नाही ते त्यांना दिसतं.

पहिली गोष्ट जी नवीन माणसाला कळत नाही ती म्हणजे स्केल. ह्या गेमचा मॅप साधारण १:१९ च्या स्केलवर आहे. म्हणजे काय, तर इंदूर ते मुंबई आपण सहाशे किलोमीटर धरू, ह्या गेममध्ये ते बत्तीस किलोमीटरसुद्धा भरणार नाही. राऊपासून निघालात तर जेमतेम मानपूरपर्यंत पोचाल एवढ्या रस्त्यात मानपूरचा घाट, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, सेंधवा, बिजासन घाट, धुळे, नाशिक, कसारा आणि मुंबई सगळं बसवायचं. घड्याळ पण तसंच पळतं, हायवेवर तुमचं एक मिनिट म्हणजे गेममधली १९ मिनिटं, म्हणून सहाशे किलोमीटर ८० च्या स्पीडने गेमच्या घड्याळात साडेसात तास लागतात पण तुम्ही खुर्चीत बसता चोवीसच मिनिटं. आता विचार करा, ज्या माणसाला हा मॅप बनवायचाय त्याला प्रत्येक अठरा किलोमीटर फेकून एक ठेवायचा आहे. कुठला ठेवायचा? सगळी कारागिरी तिथे आहे. घाट ठेवला आणि नदी गाळली तर चालेल का, गावाच्या बाहेरची गोदामं ठेवायची की गावातला चौक, हे ज्याला कळलं त्याचा मॅप खरा वाटतो.

२०१२ मध्ये गेम आला तेव्हा प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरवाल्यांना हे आजच्याइतकं जमत नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक म्हणणार नाही, कंपनी छोटी होती. पण तो मूळ मॅप म्हणजे काय होता ते जुन्या लोकांना आठवत असेल. हायवेवरून एक्झिट घ्या, एक सिग्नल, एक टी-जंक्शन, दोन-तीन कंपन्यांची यार्डं, एक गॅरेज, झालं शहर. डॉर्टमुंडला उतरलात काय आणि लाइपझिगला उतरलात काय, पाटी काढली तर ओळखू येणार नाही. आणि जर्मनी तर सगळ्या युरोपच्या मधोमध, पोलंडहून फ्रान्सला माल न्यायचा असो की डेन्मार्कहून इटलीला, जर्मनी ओलांडल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे सगळ्यात जास्त चालवला जाणारा भाग सगळ्यात जुना आणि सगळ्यात कोरडा.

मग त्यांनी जे केलं त्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. जर्मनी परत बांधायला घेतला, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, आणि ज्याच्याकडे गेम आहे त्याला फुकट दिला, अपडेट आला की तो भाग तुमच्याकडे आपोआप. मागून ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड पण तसेच. लक्षात घ्या, नवीन देश बनवला की त्याचे पैसे मिळतात, जुना दुरुस्त केला की त्याचे थेट पैसे कोणी देत नाही, तरी महिनोन्‌महिने माणसं लावून तो उखडून परत बांधला. माझ्या मते ह्या गेमची सगळ्यात मोठी गोष्ट कुठलंही पेड एक्सपान्शन नाही, हीच आहे.

फरक एका जागेवर सांगतो. नवीन जर्मनीत रात्री एका विसाव्याच्या जागी गाडी घेतली, झोपेचा मीटर संपत आला होता. गेममध्ये अकरा तासांच्या ड्रायव्हिंगनंतर नऊ तास झोपावं लागतं, नाहीतर दंड आणि डोळे मिटायला लागतात. जुन्या मॅपवर अशी जागा म्हणजे डांबराचा एक चौकोन आणि त्यावर रेघा. इथे मी आत शिरलो आणि मामा एकदम म्हणाले, "थांब थांब, हळू घे, बघू दे." मला वाटलं काही धडकलं. ते बघत होते की ट्रकसाठीचे पट्टे तिरके आखलेत. गाडी एका बाजूने तिरकी आत घालायची आणि सकाळी सरळ पुढून निघून जायचं, रिव्हर्स मारायचाच नाही. म्हणाले, "सेंधव्याला रात्री दोन वाजता मागे घ्यायला लागायची गाडी, क्लीनर मागे उभा राहून फळीवर थाप मारायचा, थाप थांबली की ब्रेक. एकदा त्याला झोप लागली उभ्या उभ्या आणि मी मागच्या टँकरला टेकलो." मग गप्प बसून त्या तिरक्या रेघाच बघत राहिले. मी त्या जागेवरून निदान पन्नासदा गेलो असेन, मला ह्या रेघा कधी दिसल्या नव्हत्या.

अपडेट झाल्यावर अजून एक गोष्ट होते ती मला फार आवडते. गेमच्या मॅपवर तुम्ही ज्या रस्त्यांवरून गेलात ते रंगतात आणि किती टक्के फिरून झालं त्याचा आकडा दिसतो. एखादा भाग परत बांधला की तिथले रस्ते परत बिनरंगाचे होतात, टक्का खाली येतो. काही लोक ह्यावर चिडतात, मेहनत वाया गेली म्हणून. मला उलट वाटतं. परत फिरायला मिळतंय ना! हॅम्बर्गहून खाली यायचा तो रस्ता मी डोळे मिटून सांगू शकलो असतो, आता एक्झिट कुठे येणार ते जीपीएस बघितल्याशिवाय कळेना.

मामांना हे मी वेगळ्या शब्दांत सांगायची गरज पडली नाही. धामणोदच्या अलीकडे गणपती घाट आहे, इंदूरहून उतरताना तिथे गाड्यांचे ब्रेक फेल व्हायचे, किती माणसं गेली तिथे, मामांच्या ओळखीतले दोन ड्रायव्हर गेले. २०२४ च्या शेवटाला तिथे जवळजवळ नऊ किलोमीटरचा वेगळा, कमी उताराचा रस्ता सुरू झाला. नंतर आम्ही महेश्वरला कारने गेलो तेव्हा मामा पुढच्या सीटवर होते आणि पूर्ण घाट खिडकीबाहेर बघत होते. पंचवीस वर्षं ज्या वळणाच्या आधी त्यांचा पाय आपोआप क्लचवर जायचा ते वळण आलंच नाही. घरी आल्यावर म्हणाले, "आता ह्या रस्त्यावर मी पण नवा." जर्मनीचा टक्का खाली आला तेव्हा मला हेच वाक्य आठवलं.

आता पेड एक्सपान्शनबद्दल, कारण विचारणारे ते विचारतात. गोइंग ईस्ट २०१३ चं, स्कॅन्डिनेव्हिया २०१५, फ्रान्स २०१६, इटली २०१७, बाल्टिक २०१८, ब्लॅक सी २०१९, आयबेरिया २०२१, वेस्ट बाल्कन्स २०२३, ग्रीस २०२४. क्रमाने बघितलं तर प्रत्येकात हात बसत गेलेला दिसतो. पहिलं कुठलं घ्यावं तर आयबेरिया, दुसरा विचार करू नका. स्पेन आणि पोर्तुगाल, रखरखीत माळ, डोंगरातले दुपदरी रस्ते, छोट्या गावातून जाणारी अरुंद वाट जिथे समोरून बस आली तर श्वास रोखून धरायला लागतो. आपल्या माळव्यातल्या माणसाला ते पिवळं गवत आणि ते ऊन ओळखीचं वाटतं, मला तरी पहिल्या दिवशी निमाडात उतरल्यासारखं वाटलं. स्कॅन्डिनेव्हिया एवढं जुनं असून आजही चांगलं चालतं कारण नॉर्वेचे रस्तेच असे आहेत की ते वाईट बनवणं कठीण. इटली मला दाटीवाटीची वाटली, लांब देश आणि आडवा अरुंद, स्केलमध्ये चेपला गेलाय. बाल्टिक जंगल आवडणाऱ्यांसाठी, मला तासाभराने झोप येते.

ग्रीस मी सगळ्यात शेवटी घेतलं आणि त्यातला पात्रासजवळचा रिओ–अँटिरिओ पूल, तो बघायला तरी घ्या. खरा पूल २००४ मध्ये सुरू झाला, जवळजवळ तीन किलोमीटर, समुद्रावर, भूकंपाच्या पट्ट्यात उभा. १:१९ च्या मॅपवर एवढी लांब गोष्ट ठेवायची म्हणजे बाकीचं किती गाळलं असेल, पण बरोबर केलं, कारण त्या जागेची ओळखच तो पूल आहे. संध्याकाळी उन्हं तिरकी असताना त्यावरून जा, केबलच्या सावल्या काचेवरून एकेक करून सरकतात. मामा म्हणाले खलघाटच्या पुलावर ते दर वेळी नर्मदेत नाणं टाकायचे, इथे टाकायला खिडकी उघडते का. गेममध्ये काच खाली होते, मी करून दाखवली.

अजून एक, हार्ट ऑफ रशिया म्हणून एक एक्सपान्शन येणार होतं, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर २०२२ मध्ये कंपनीने ते सध्या काढणार नाही असं जाहीर केलं. शोधत बसू नका.

फुकटातल्या मॉडबद्दल, म्हणजे कंपनीने नाही तर बाहेरच्या लोकांनी बनवून गेमला जोडायला दिलेल्या फाइलींबद्दल, जपून. प्रोमॉड्स हा २०१३ पासून चालत आलेला मॅप, लोकांनी हौसेने बनवलेला, आइसलँडसुद्धा आहे त्यात, आणि काम इतकं बारीक की काही ठिकाणी कंपनीच्या तोडीस तोड. पण त्याला तुमच्याकडे कंपनीची मॅप एक्सपान्शन्स असायला लागतात आणि फाइली त्यांनी सांगितलेल्याच क्रमाने लावायच्या, एक वरखाली झाली की गेम लोडच होत नाही. शिवाय गेमची नवीन व्हर्जन आली की जुना मॉड चालत नाही, त्यांची नवीन येईपर्यंत थांबायचं. घाई असेल तर स्टीममध्ये, म्हणजे ज्या अ‍ॅपमधून गेम घेऊन चालवतो तिथे, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बेटाज म्हणून आहे, तिथून जुनी व्हर्जन निवडता येते.

मी ह्याच्यात एकदा चांगलाच पोळलोय. एका दुसऱ्याच टीमचा भारताचा मॅप मिळाला, ढाबे, हॉर्न ओके प्लीज, रस्त्यात गाय, सगळं. इतका आनंद झाला की मी विचार न करता माझ्या मेन प्रोफाइलमध्येच लावला. दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी सेव्ह उघडेना, मागचे सेव्ह पण त्याच मॉडचे, एकूण ७० तासांच्या वरचं काम, आठ ड्रायव्हर ठेवले होते, पाच गॅरेज, गेलं. दोन आठवडे गेम उघडला नाही मी. तेव्हापासून कुठलाही मॅप लावायच्या आधी डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमधून प्रोफाइल्सचं फोल्डर कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवतो आणि मॉडसाठी वेगळं प्रोफाइल बनवतो. तुम्ही पण करा, प्लीज करा.

कंपनीच्या अपडेटलाही एक सवय लावून घ्या: मोठा मॅप अपडेट येणार असेल तर चालू भाडं संपवून, माल खाली करून, गॅरेजमध्ये गाडी लावूनच सेव्ह करा. तुम्ही उभे आहात तो रस्ताच नवीन मॅपवर नसेल तर गेम गाडी उचलून दुसरीकडे ठेवतो आणि हातातलं काम रद्द होतं.

घाटांसाठी मामांचा नियम जसाच्या तसा देतो: रिटार्डर (उतारावर चाकांचे ब्रेक न तापवता गाडी हळू करणारा जादाचा ब्रेक) असलेलीच गाडी घ्या, वर असतानाच गिअर पाडा, "आणि उतारावर न्यूट्रल केलीस तर कानाखाली बसेल."

पैशाचं म्हणाल तर जुनी एक्सपान्शन्स सेलमध्ये निम्म्याच्याही खाली येतात, थांबा आणि घ्या. जो नवीन आहे त्याने पहिले दोन-तीन महिने एक रुपया घालू नये, नुसता जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड फिरावा, मूळ गेममध्येच आहे. मी खेळतोय त्या व्हर्जनमध्ये ब्रिटनचा बराच भाग अजून २०१२ च्याच सांगाड्यावर उभा आहे, तिथे गेलं की लगेच कळतं, तीच चौकाची गोल वाट, तीच यार्डं. डोव्हरला फेरीबोटीतून उतरून वर जायचं भाडं मी त्यामुळे घेतच नाही सध्या. ते परत बांधलं की त्या दिवशी सुट्टी टाकणार, मामांना तसं सांगून ठेवलंय.