६४ जीबीचा लॅपटॉप ११ महिने वापरला, त्याचा रिव्ह्यू (म्हणजे खरं तर सी ड्राइव्हचाच)

आधीच सांगतो, स्क्रीन कशी, कॅमेरा कसा, स्पीकर कसे असला हा रिव्ह्यू नाहीये. ते सगळं या गटातल्या लॅपटॉपचं जसं असतं तसंच आहे. कीबोर्ड उलट अपेक्षेपेक्षा बरा निघाला, आत पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य, बॅटरी सहा-सात तास आरामात जाते. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (आतली साठवणुकीची चिप) असलेला कुठलाही उचला, गोष्ट हीच आहे, फक्त झाकणावरचा लोगो बदलेल.

माझा जुना लॅपटॉप मदरबोर्ड जाऊन बसला, काम अडलं, पैसे मोजकेच होते आणि माझं काम म्हणजे तरी काय, टायपिंग, मेल, ब्राउझर आणि आठवड्याला दोन-तीन व्हिडिओ कॉल. म्हटलं ६४ जीबी न पुरायला काय झालं, फोनमध्ये ६४ वर चार वर्षं काढलीत की. इथंच फसलो. फोनची भूक वेगळी आणि विंडोजची वेगळी.

आता हिशोब बघा. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं ते १००० च्या पटीत मोजून, विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत, त्यामुळे काहीही न भरता ६४ चे ५९.६ होतात. त्यातून बूटचं आणि रिकव्हरीचं पार्टिशन गेलं की सी ड्राइव्ह दिसतो साधारण ५७-५८ चा. त्यात विंडोज स्वतः, सोबत आलेली ॲप्स, अँटीव्हायरसचं ट्रायल आणि कंपनीची स्वतःची दोन-तीन सॉफ्टवेअर जी कोणी कधीच उघडत नाही. पहिल्या दिवशी माझ्याकडे २७ जीबी मोकळे होते, आणि पहिल्या आठवड्यातले अपडेट झाल्यावर १९. मी एकही फाइल टाकली नव्हती तोवर! विंडोज ११ ची अधिकृत किमान अट बघायला गेलो तर तीच ६४ जीबी स्टोरेज आणि ४ जीबी रॅम. म्हणजे आपला गडी काठावर पास झालेला, आणि आपण त्याला पुढच्या वर्गाचा अभ्यास द्यायला निघालोय.

आणि ही ईएमएमसी म्हणजे एसएसडी (चांगल्या लॅपटॉपमधला वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) नव्हे हे डोक्यात पक्कं ठेवा. मेमरी कार्डाच्या नात्यातली चिप असते ती, मदरबोर्डवर सोल्डर केलेली, काढून मोठी बसवता येत नाही. ईएमएमसी ५.१ चा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी, साटा या जुन्या जोडणीच्या साध्या एसएसडीचा ५५० च्या आसपास, एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या तर हजारांत खेळतात. पण माझ्या मते खरा त्रास आकड्याचा नाहीच, ईएमएमसीला एकाच वेळी वाचणं आणि लिहिणं जमत नाही, हा आहे. त्यामुळे मागे अपडेट उतरत असेल आणि तुम्ही ब्राउझर उघडलात तर सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं, आपण बसायचं कर्सर गोल फिरताना बघत.

तिसऱ्या महिन्यात वर्षाचा मोठा अपडेट आला. मोकळे होते ७ जीबी. निम्म्यात येऊन मेसेज, जागा कमी पडतेय, जागा करा नाहीतर बाहेरचा ड्राइव्ह लावा. हे बाहेरचा ड्राइव्ह प्रकरण मला माहीतच नव्हतं, १० जीबी तरी मोकळे असलेला पेन ड्राइव्ह लावला की विंडोज त्याच्यावर तात्पुरत्या फाइली ठेवून अपडेट पूर्ण करतं, फक्त पूर्ण होईपर्यंत तो उपसायचा नाही. मी ३२ जीबीचा लावला, रात्री लावून झोपलो, सकाळी अपडेट झालेला. खूश! आणि सी ड्राइव्ह बघतो तर २.३ जीबी मोकळे आणि तो लाल पट्टा. जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये तसंच ठेवलेलं असतं, परत जायचं झालं तर जाता यावं म्हणून, आणि ते १० दिवसांनी आपोआप जातं. माझ्याकडे १० दिवस थांबण्याइतकी जागा कुठे होती. स्टोरेज सेटिंगमधल्या टेम्पररी फाइल्समध्ये जाऊन मागचं इन्स्टॉलेशन उडवलं, तेव्हा कुठे श्वास घेतला. यात चूक विंडोजची आहे असं मला वाटत नाही, एवढ्याशा खोलीत त्याला कोंबून 'रोजच्या कामासाठी उत्तम' असं लिहून विकणाऱ्याची आहे.

त्यानंतर मी जरा पिसाटल्यासारखाच मागे लागलो. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ड्राइव्हची फाइल यादी थेट वाचतं म्हणून काही सेकंदांत सांगतं कोणी किती जागा खाल्लीये. हे सगळ्यात आधी टाका, अंदाजाने फोटो उडवत बसू नका, माझे सगळे फोटो मिळून १ जीबीसुद्धा नव्हते. खरी जागा खाल्ली होती लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरने. त्यात ब्राउझरचा कॅशे, चॅटिंग ॲपवर ग्रुपमधून आलेले व्हिडिओ (मी एकही बघितलेला नाही, पण उतरले सगळे), मीटिंगच्या ॲपचे जुने तुकडे. चॅटिंग ॲपमधलं मीडिया आपोआप डाउनलोड बंद केलं, आधी उतरलेलं उडवलं आणि एका झटक्यात साडेतीन जीबी आले. डाउनलोड फोल्डरमध्ये एकाच सॉफ्टवेअरचे चार इन्स्टॉलर सापडले ते वेगळंच.

मग हायबरनेटची फाइल, म्हणजे लॅपटॉप बंद होताना उघडं काम जिच्यात जपून ठेवलं जातं ती. रॅमच्या साधारण ४० टक्के एवढी जागा ती अडवून बसते, ४ जीबीला दीडच्या वर. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ एवढं मारायचं, फाइल गायब. पण याने फास्ट स्टार्टअपही बंद होतं, माझा लॅपटॉप सुरू व्हायला आता जरा जास्त वेळ घेतो, मला चालतं. बॅटरी संपल्यावर उघडं काम जसंच्या तसं परत मिळण्याची सवय असेल तर मात्र हे करू नका.

कॉम्पॅक्ट ओएस हा दुसरा प्रकार, विंडोजच्या स्वतःच्या फाइली दाबून ठेवतो आणि लागतील तशा उलगडतो. ६४ बिट विंडोजसाठी २.६ जीबीपर्यंत बचत असं २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, मला २ च्या जरा खाली मिळाली. वेगात फरक पडेल अशी भीती होती, मला तरी जाणवला नाही. हेही कमांड देऊनच चालू होतं, ती चालायला बराच वेळ लागतो, मधे बंद करू नका.

विनएसएक्सएस नावाचं फोल्डर दिसेल, ९-१० जीबीचं, आणि हात शिवशिवतील. माझेही शिवशिवले, मित्राने वेळेत फोनवर ओरडून थांबवलं. त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे दुसरीकडच्या फाइलींचीच दुसरी नावं असतात, फाइल एकच पण दोनदा मोजली जाते, त्यामुळे दिसतं तेवढं ते खात नाही. हाताने काहीही उडवलंत तर विंडोज लंगडं होईल. डिस्क क्लीनअपमध्ये 'विंडोज अपडेट क्लीनअप' वर टिक करायची, तेवढंच.

रिझर्व्ह्ड स्टोरेज म्हणून ७ जीबीच्या आसपास विंडोज स्वतःच्या अपडेटसाठी बाजूला काढून ठेवतं, २०१९ पासून आहे हे. कमांड देऊन बंद करता येतं, बरेच जण हीच पहिली युक्ती सांगतात. मी नाही केलं. कारण ती जागा सोडवून मी काय करणार, भरणार, आणि पुढच्या अपडेटला परत तेच रडगाणं. या बाबतीत माझा स्वतःपेक्षा विंडोजवर जास्त विश्वास आहे.

आता वनड्राइव्ह. खरं सांगायचं तर हा लॅपटॉप मी अजून फेकून दिला नाही तो याच्यामुळे. फाइल्स ऑन डिमांड चालू असेल तर फाइलींची नावं सगळी दिसतात पण खरी फाइल क्लाउडवर असते, ढगाचं चिन्ह असलेली, डबल क्लिक केलं की उतरते, काम झालं की राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस'. फुकटात ५ जीबीच मिळतात, पण डॉक्युमेंटवाल्या माणसाला ते भरपूर झाले. गुगल ड्राइव्हवर १५ मिळतात पण ते जीमेल आणि फोटोंसकट. एकच घोळ, 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यातला फरक घरातल्या प्रत्येकाला समजावून ठेवा. माझ्या भाच्याने "मामा, मी तुझी जागा करून दिली" म्हणून प्रेमाने एक आख्खं फोल्डर डिलीट केलं, ते अर्थातच क्लाउडवरूनही गेलं. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमधून परत मिळालं म्हणून तो अजून माझा भाचा आहे. जागा कशासाठी करत होता? गेमसाठी. गेम ३८ जीबीचा होता.

मेमरी कार्डावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यांचा पहिला विचार तोच असतो, माझाही होता. १२८ जीबीचं मायक्रोएसडी घेतलं. घेतल्या घेतल्या एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासलं, खोटी कार्डं १२८ सांगून आत १६ ची निघतात आणि ते तुम्हाला फाइली गेल्यावरच कळतं, त्यामुळे हे टाळू नका, तासभर जाईना का. कार्डावर ए१ किंवा ए२ लिहिलेलं बघून घ्या, ते छोट्या छोट्या फाइली किती पटापट वाचल्या-लिहिल्या जातील याचं माप आहे, ए२ ला सेकंदाला ४००० रीड आणि २००० राइट, ए१ ला १५०० आणि ५००. फक्त ए२ चा पूर्ण फायदा मिळायला कार्ड रीडरलाही ते समजावं लागतं, माझ्या लॅपटॉपच्या रीडरला बहुतेक काहीच समजत नाही, एरवीच्याच वेगाने चालतं. व्हिडिओ, पीडीएफ, जुनी कामं, सगळं तिकडे. सेटिंगमध्ये नवीन कंटेंट कुठे सेव्ह व्हावा हे बदलता येतं, तिथे फोटो, डॉक्युमेंट, डाउनलोड होणारे सिनेमे कार्डावर लावून टाकले. स्टोअरमधली ॲप्ससुद्धा हलवता येतात, मी दोन हलवली, कार्ड जरा हललं की ॲप उघडेना, परत आणली. कार्ड निम्मं बाहेर राहतं ना या लॅपटॉपमधून! बॅगेत सरकवताना दोनदा निघालंय. कार्ड पूर्ण आत जाईल अशी खाच ठेवायला कंपनीला काय झालं होतं देव जाणे. आणि अर्थात, ज्याची दुसरी कॉपी नाही असं काहीही कार्डावर ठेवत नाही मी.

लिनक्सही (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) करून बघितलं, पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता. मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) २० जीबीत बसतं आणि या यंत्रावर ते विंडोजपेक्षा मोकळं चालतं हे मान्यच करावं लागेल. पण कामाचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर आहे, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. तुमचं तसं काही अडत नसेल तर माझ्या वरच्या अर्ध्या उठाठेवी तुम्हाला कराव्याच लागणार नाहीत.

मग घ्यावा का? सगळं ब्राउझरमध्येच करणारे असाल, किंवा घरात एक चांगला कॉम्प्युटर आहे आणि हा फक्त बाहेर न्यायला हवाय, तर घ्या, हलका आहे, शांत आहे. एकुलता एक लॅपटॉप म्हणून घेत असाल, फोनचे फोटो उतरवायचे, व्हिडिओ एडिट करायचे, मुलांनी गेम टाकायचे, तर नका घेऊ, थोडे महिने थांबा पण १२८ च्या खाली जाऊ नका, आणि तोही एसएसडी असलेला बघा. आणि घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा, आत रिकामा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का. या गटातल्या काही लॅपटॉपमध्ये ईएमएमसीसोबत तो असतो, तिथे एसएसडी टाकून विंडोज तिकडे घेतलं की सगळं दुखणंच संपतं. मात्र साटा लागते की एनव्हीएमई, आणि लांबी २२४२ की २२८० (म्हणजे ४२ मिमी की ८० मिमी), हे मॉडेलनुसार बदलतं.

मी हे घेण्याआधी तपासलं नव्हतं. आठव्या महिन्यात वॉरंटीचा विचार न करता मागचं झाकण उघडलं, दहा स्क्रू, त्यातले दोन रबराच्या पायाखाली लपवलेले. आत बोर्डवर एम.२ ची जागा व्यवस्थित आखलेली, शेजारी नाव छापलेलं, एसएसडी घट्ट करायला स्क्रूचं भोकसुद्धा पाडलेलं. फक्त स्लॉट बसवलेला नाही. नुसते सोल्डरचे चकचकीत ठिपके. पाच मिनिटं बघत बसलो आणि झाकण लावून टाकलं, एक स्क्रू उरला तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

जागेसाठी ५ पैकी दीड स्टार, कीबोर्डसाठी ४. आत्ता हे टाइप करताना ११.४ जीबी मोकळे आहेत, आणि खाली कोपऱ्यात अपडेटचा केशरी ठिपका आलाय. पेन ड्राइव्ह शोधतो.