हॉट अँड कोल्ड एसी: मुंबईच्या घराला त्याचा उपयोग किती?

थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार हवा देणारा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आम्ही बोरिवली पूर्वेच्या घरी सासूबाईंच्या खोलीत बसवला आणि आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत तो वापरून झाला आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण जे लिहायचे आहे ते या जातीच्या बहुतेक यंत्रांना लागू पडते आणि खरेदीपूर्वी नेमके तेच दुकानात कोणी समजावून सांगत नाही. यंत्र उत्तम आहे. मात्र मुंबईतल्या प्रत्येक घराला त्याची गरज आहे, असे मला वाटत नाही.

कोणताही एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या कॉइलमधून फिरणारा थंड गॅस खोलीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती उष्णता उघड्या हवेत सोडली जाते आणि दाब एकदम कमी केला की गॅस पुन्हा थंड होऊन आत येतो. हॉट अँड कोल्ड यंत्रात याच वाटेवर रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह नावाची चार तोंडांची झडप असते. ती फिरली की प्रवाह उलटतो; बाहेरची कॉइल उष्णता शोषू लागते आणि आतली कॉइल ती खोलीत सोडू लागते. बाहेरची हवा १६ अंशांची असली, तरी गॅस तिच्याहूनही थंड असल्यामुळे त्या हवेतूनही त्याला उष्णता मिळतेच. इमारती गरम किंवा थंड करण्यासाठी अशा यंत्राचा उपयोग होऊ शकेल, हा विचार लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडला होता.

याचा फायदा वीजबिलात दिसतो. साध्या रूम हीटरमध्ये एक युनिट वीज जाळली की तेवढीच उष्णता मिळते, तर हीट पंपाच्या, म्हणजे बाहेरची उष्णता उचलून आत आणण्याच्या तत्त्वावर चालणारा एसी अनुकूल हवामानात त्याच एका युनिटवर तीन ते चार युनिटांइतकी उष्णता खोलीत आणतो, कारण वीज फक्त उष्णता हलवण्यापुरती खर्च होते. आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक जितका कमी, तितके हे काम सोपे. म्हणून शिमल्यापेक्षा मुंबईत ते कितीतरी कमी श्रमात होते. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून उलटे चालावे लागते. आपल्याकडे ती वेळच येत नाही.

त्यामुळे दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की या एसीत रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह आहे की नुसती हीटरची तार बसवली आहे. ‘हॉट अँड कोल्ड’ हे शब्द दोन्ही प्रकारांवर छापलेले असतात आणि तार असलेल्या यंत्रात वर सांगितलेली बचत मुळीच होत नाही. दुसरी गोष्ट स्टार लेबलची. त्यावरचा आयएसईईआर हा आकडा केवळ थंड करण्याच्या कार्यक्षमतेवरून काढलेला असतो. पाच तारे आहेत म्हणून गरम करण्यातही यंत्र तितकेच किफायतशीर असेल, असे गृहीत धरू नये. माहितीपुस्तिकेत हीटिंगची क्षमता आणि त्यासाठी लागणारे वॉट वेगळे दिलेले असतात, ते पाहावेत.

आता मुंबईच्या थंडीविषयी. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंशांची नोंद झाली होती हे खरे, पण एरवी तेथील जानेवारीचे सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असते आणि कुलाब्याला त्याहूनही उबदार. नॅशनल पार्कला लागून असलेल्या आमच्या भागात पहाटे चांगलीच हुडहुडी भरते, सासूबाईंचे गुडघे त्या वेळी आखडतात, आणि म्हणून आमच्या घरी ही सोय कामी आली. बटण दाबल्यावर बाहेरच्या युनिटमधून झडप फिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि आतला पंखा थोडा वेळ सुरूच होत नाही. कॉइल तापेपर्यंत अंगावर गार झोत येऊ नये म्हणून तो मुद्दाम थांबवलेला असतो. गरम हवा वर चढते, त्यामुळे आतल्या युनिटच्या तोंडावरच्या, झोताची दिशा ठरवणाऱ्या पट्ट्या खालच्या दिशेने वळवून ठेवाव्या लागतात. नाहीतर छताखाली ऊब आणि पलंगावर थंडी, अशी अवस्था होते. २४ अंशांवर ठेवला की खोली बेताची उबदार राहते.

बसवणाऱ्यांच्या कामावर मात्र मी नाराज आहे. हीटिंग चालू असताना पाणी बाहेरच्या युनिटमध्ये सुटते, कारण त्या वेळी थंड कॉइल तीच असते. आमच्याकडे ड्रेन पाइप फक्त आतल्या युनिटला जोडला गेला आणि पहिल्याच गार रात्री खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे ठिबकून ओले झाले. पाणी पाइपात नेण्यासाठी बाहेरच्या युनिटला तळाशी लावायचा नळीचा कोपरा (एल्बो) खोक्यातच होता, तो कोणी लावलाच नव्हता. तो लावून त्याला पाइप जोडून घेतल्याशिवाय कारागिराला जाऊ देऊ नये, तसेच गॅस सोडण्यापूर्वी तांब्याच्या नळ्यांतली हवा काढून टाकण्यासाठी व्हॅक्यूम पंप चालवला जातो आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे.

पावसाळ्यात ओले कपडे सुकवण्यासाठी हीटिंग लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने हवा तापते, परंतु पाण्याचा अंश खोलीतच राहतो आणि पुढे तोच भिंतींवर बुरशी धरतो. शिवाय बाहेरचे तापमान २४ अंशांच्या वर असताना हीटिंग चालवू नये, असे अनेक कंपन्याच सांगतात. त्या दिवसांत ड्राय मोड वापरावा. कपड्यांमधली ओल आतल्या कॉइलवर पाणी होऊन नळीवाटे बाहेर जाते. जुलैमध्ये आमच्या घरी सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

केवळ थंड करणाऱ्या त्याच क्षमतेच्या एसीपेक्षा हे यंत्र काही हजार रुपयांनी महाग पडते. घरात वयस्कर माणूस किंवा तान्हे बाळ असेल आणि घर बोरिवली, मुलुंड किंवा ठाण्याच्या डोंगराकडेला असेल, तर हा खर्च सार्थ आहे. कुलाबा, दादर, वरळीच्या घरांनी मात्र साधा कूलिंगचाच एसी घ्यावा आणि वाचलेले पैसे खाऱ्या हवेत टिकणारा लेप दिलेल्या कॉइलवर खर्च करावेत, कारण तेथे यंत्र निकामी होते ते बहुधा कॉइल गंजून गॅस निसटल्यामुळेच.