किट सोडून थेट मॉल्टपासून एल: बिअर अफलातून, पण ते बुडाखालचं बटण!

घरी एल (इंग्लिश पद्धतीची बिअर) बनवायच्या इलेक्ट्रिक मशीनचा हा रिव्ह्यू. गेल्या रविवारी परत तेच झालं म्हणून हे लिहायला बसलो. फगल हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकून वीसेक मिनिटं झाली असतील, उकळी मस्त धरलेली, आणि अचानक सगळं शांत. डिस्प्ले चालू, पंप चालू, पण टेम्परेचर खाली यायला लागलं, म्हणजे कटआउट (तळ जास्त तापला की हीटर बंद करणारा स्विच) ट्रिप. आणि रीसेटचं बटण कुठे, तर मशीनच्या बुडाखाली! वर २५ लिटर उकळतं वर्ट (मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं गोड पाणी) आणि बटण खाली. प्लग काढा, सगळं वर्ट नळातून बादलीत काढा, मशीन आडवं करा, बटण दाबा, परत भरा, परत उकळी येईपर्यंत थांबा. ज्याने ते तिथे बसवलं त्याने एकदा तरी भरल्या मशीनवर दाबून बघायला हवं होतं.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला. मशीन नेहमीचंच, ३० लिटरचं इलेक्ट्रिक ऑल-इन-वन. त्याआधी काही वर्षं किट: मॉल्टच्या तयार पाकाचा दीड किलोचा डबा, किलोभर साखर, २३ लिटरपर्यंत पाणी, झालं. पण डबा कुठलाही आणा, मागे तीच शिजलेल्या पाकाची चव राहायची आणि साखरेमुळे बिअर पातळ लागायची.

आता ४.२ किलो मॅरिस ऑटर आणि पाव किलो क्रिस्टल (दोन्ही मॉल्टचेच प्रकार), ६६ अंशाला तासभर मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवून ठेवणं. यातच खरी मजा आहे. पहिल्या दहा मिनिटांत चमचाभर काढून चाखा, पिठूळ लागतं, आणि तासाभराने तेच पाणी गोड! बाहेरून साखरेचा एक दाणा नाही, मॉल्टमधलेच एन्झाइम स्टार्चची साखर करतात. ६३-६४ ला ठेवलं तर बिअर कोरडी होते, ६८ ला भरदार. किटमध्ये हे तुमच्या हातातच नसतं. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांना ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४३, शेवटची १.०११, म्हणजे साधारण ४.२ टक्के अल्कोहोल. पबमध्ये मिळणाऱ्या बिटरच्या (इंग्लिश कडवट एल) तोडीची होते, हे मी मनापासून सांगतो.

इथलं पाणी भयंकर जड, केटलमध्ये पांढरा थर बसतो. त्यामुळे फिकट बिटर करायची तर पाण्याची अल्कलिनिटी कमी करावी लागते, आणि क्लोरीन घालवायला अर्धी कॅम्पडेनची गोळी. हे दोन्ही चुकवू नका.

बटणाबद्दल विक्रेत्याचं पहिलं उत्तर, 'तळ नीट घासा'. दुसरं, मशीन स्वतःच्या खर्चाने पाठवा. मग मी कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ काढला: पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच धरतात, तसं नाही हे दुकानदाराने सिद्ध करायचं, आणि दुरुस्तीचा खर्चही त्याचा. दोन मेलमध्ये गाडी दारात! बदलून नवीन दिलं, पण बटण तिथेच.

इथवर लिहिलं तेव्हा एकच स्टार देणार होतो. पण रविवारचा तळ घासताना बघितलं, एलिमेंटच्या बरोब्बर वर तळहाताएवढा काळा, करपलेला थर. मॉल्ट फार बारीक दळलेलं आलं की पीठ जाळीतून खाली येऊन बसतं, करपतं, तळ जास्त तापतो आणि कटआउट उडतो. म्हणजे कटआउट त्याचं काम बरोबर करतोय. कालच्या बॅचला जाडसर दळलेलं मॉल्ट वापरलं, मॅश झाल्यावर उकळीपर्यंत लाकडी पळीने तळ ढवळत राहिलो, एकदाही ट्रिप नाही. तेव्हा तीन स्टार. बटणाची जागा माफ नाही.

पैशाचं म्हणाल तर मॉल्टचं २५ किलोचं पोतं आणलं की चांगल्या किटपेक्षा बरंच स्वस्त पडतं, वीज एका बॅचला पाच-सहा युनिट. इथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर बनवायला लायसन लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय बनवता येत नाही, तेव्हा तिकडच्या मित्रांनी घरी प्रयोग करू नका.

घेणार असाल तर दुकानात मशीन उलटं करून बघा. बटण बाजूला असलेलं मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.