ऑलिम्पस ओएम-१, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: तक्रार एकच, फोम

ओएम-१ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची माहिती पुन्हा लिहीत बसत नाही. पूर्ण मेकॅनिकल, कापडी शटर, वेग १ सेकंद ते १/१०००, सेल फक्त मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजायला. हा कॅमेरा शोधणाऱ्याला एवढं ठाऊक असतंच. मी लिहायला बसले ते व्ह्यूफाइंडरमधल्या एका काळ्या रेघेमुळे. सर्व्हिसिंग करून, 'सगळा फोम बदललाय' असं ऐकून, पूर्ण पैसे मोजून घरी आणलेल्या कॅमेऱ्यात ती रेघ आणखी रुंद झाली आणि शेजारी ठिपकेही उमटले.

ही रेघ कुठून येते ते आधी सांगते, कारण विक्रेते तिला सर्रास 'थोडी धूळ' म्हणतात. पेंटाप्रिझम हा आरशावरून आलेलं दृश्य डोळ्याकडे वळवणारा काचेचा ठोकळा. त्याच्या काही बाजूंना बाहेरून चांदीचा मुलामा असतो आणि त्यावर रंगाचा थर. ओएम-१ मध्ये वरच्या झाकणाखाली, प्रिझमला लागून फोमच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतो आणि काही दशकांत त्याचा डांबरासारखा काळा चिकटा होतो. तो रंगाच्या थरातून आत उतरतो आणि मुलामा खातो. जिथला मुलामा गेला तिथून प्रकाश नीट परत येत नाही, म्हणून डोळ्याला काळं दिसतं. धूळ फुंकून, ब्लोअर मारून हलते. हे हलत नाही. बॉडी हातात घेतलीत तर लेन्स मुद्दाम फोकसबाहेर ठेवून पांढऱ्या भिंतीकडे बघा. आडवी काळपट रेघ किंवा कडा विरलेले डाग दिसले तर धुळीची कहाणी ऐकत बसू नका.

फिल्मवर याचा काहीही परिणाम होत नाही. आरसा वर गेला की प्रकाश थेट फिल्मकडे जातो, प्रिझमचा तिथे संबंधच उरत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनीही मला हेच ऐकवलं: "अहो ताई, फोटोत येत नाही ना? मग कशाला एवढं मनाला लावून घेता?"

लावून घेते, कारण मी हा कॅमेरा व्ह्यूफाइंडरसाठीच घेतला. ९७ टक्के फ्रेम, ५० मिमी लेन्सला ०.९२ पट मोठी प्रतिमा, आणि बॉडीचं वजन ५१० ग्रॅमच्या आसपास. ऑलिम्पसचे डिझायनर योशिहिसा मैतानींनी १९७२ साली हा कॅमेरा आणला तेव्हा एसएलआर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) म्हणजे मोठं आणि जड यंत्र असंच समीकरण होतं. त्यांनी बॉडी लहान केली आणि फाइंडर मोठा ठेवला. डोळा लावला की पुढचं दृश्य अंगावर येतं. आधी तो एम-१ होता, लायका कॅमेरे बनवणाऱ्या लाइट्झने नावाला हरकत घेतल्यावर १९७३ पासून ओएम-१ झाला. एम-१ छापलेल्या बॉडीसाठी संग्राहक जास्त मोजतात, फोटो काढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तर ज्या खिडकीसाठी घर घेतलं तिच्यावरच डाग, आणि मला सांगतात बघू नका.

पहिल्या दुरुस्तीत काय झालं ते दुसऱ्या माणसाने वरचं झाकण उघडल्यावर कळलं. प्रिझमवरचा जुना चिकटा तसाच होता आणि त्यावरच नवा फोम चिकटवलेला होता. कुजलेलं काढलंच नाही, त्यामुळे खालचं काम चालूच राहिलं. मी जाब विचारला तर उत्तर आलं की कॅमेरा जुना आहे, असं होणारच. हे मला मान्य नाही. प्रिझमवरचा हा फोम काढून टाकला तरी चालतं, परत लावायची गरजच नसते. म्हणजे माझ्याकडून पैसे घेतले गेले ते अनावश्यक वस्तू बसवण्याचे, आणि आवश्यक काम, म्हणजे साफसफाई, झालीच नाही.

दुसऱ्या माणसाने शटर गेलेल्या एका ओएम-१ मधून चांगला प्रिझम काढून माझ्यात बसवला, सगळा चिकटा पुसला आणि तिथे काहीही लावलं नाही. फाइंडर आता स्वच्छ आहे. म्हणून सर्व्हिसिंगला देताना 'फोम बदला' एवढंच सांगून येऊ नका. 'प्रिझमवरचा फोम काढा, चिकटा पूर्ण पुसा, परत लावू नका' असं कागदावर लिहून द्या.

बाकी दोन ठिकाणचा फोम मात्र लागतोच. मागच्या दाराच्या खाचांमधला गेला की रंगीत रोलवर लालसर-केशरी पट्टे येतात. माझ्याकडे ते बिजागरीच्या बाजूने आले. आणि आरसा वर जाऊन जिथे आपटतो तिथली पट्टी, जिचे कण सुटून फोकसिंग स्क्रीनवर पडतात. दाराचं काम घरी होतं: लाकडी काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मनाची शांतता. आरशाजवळ मात्र हात आवरता घ्या. अल्कोहोलचा एक थेंब स्क्रीनवर पडला तर स्क्रीन गेला.

आता मत बदललेल्या गोष्टी. शटरच्या वेगाची रिंग लेन्स माउंटभोवती आहे. पहिले काही आठवडे ती मला अजिबात आवडली नव्हती. हात सवयीने वरच्या डायलकडे जायचा, आणि तिथे तर फिल्मचा आयएसओ, म्हणजे संवेदनशीलता! मी तेव्हा एका मित्राला लिहिलं होतं की ही रचना केवळ वेगळेपणासाठी केलेली आहे. आज उलट म्हणते. पुढे अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), मध्ये फोकस, मागे शटर, सगळं डाव्या हातात आणि सगळं एकाच अक्षाभोवती. डोळा न काढता, उजवा हात जागचा न हलवता एक्सपोजर जुळतं. आता दुसरी बॉडी हातात घेतली की वरचा डायलच मला आडवळणाचा वाटतो.

सेलचंही तसंच. मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या पीएक्स६२५ सेलसाठी बनवलेला आहे आणि ते सेल आता मिळत नाहीत. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन बसतो, म्हणून अनेकजण तोच घालतात. मग मीटर प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवतो आणि रोल अंडर होतो, म्हणजे फिल्मला प्रकाश कमी पडतो. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज वापरात उतरत जातो, त्यामुळे आयएसओ बदलून चूक भरून काढायची सोयही धड टिकत नाही. कलर निगेटिव्ह थोडं जास्त एक्सपोजर सहज पचवतं, कमी पचवत नाही. सावल्या मळकट आणि दाणेदार होतात. फिल्म आणि डेव्हलपिंग यांचा खर्च पाहता सेलवर केलेली काटकसर ही काटकसर नव्हेच.

मी आधी श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल वापरले. १.४ व्होल्ट, स्थिर, स्वस्त. व्यास लहान म्हणून भोवती रबरी रिंग घालावी लागते. अडचण अशी की वरची पट्टी काढून हवा लागली की सेल वापरा न वापरा, तो काही आठवड्यांत संपत जातो. माझा रोल सावकाश संपतो, त्यामुळे अर्धे सेल फुकट गेले आणि मला ते फार लागलं. शेवटी एमआर-९ अडॅप्टर घेतला. त्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल बसतो आणि आतली सर्किट व्होल्टेज खाली आणते. सुरुवातीला महाग वाटला, आता वाटत नाही. मीटरचा स्विच बंद करायला विसरू नका, एवढंच.

लेन्सच्या बाबतीत तक्रार जवळजवळ नाही. ऑलिम्पसची ५० मिमी एफ १.८ झुइको लेन्स लहान, हलकी, आणि एफ ५.६ ला माझ्या गरजेपेक्षा जास्त तीक्ष्ण. एफ १.४ साठी जीव टाकू नका. फाइंडर जरा उजळ दिसतो, पण त्या पैशात २८ मिमी एफ ३.५ किंवा १०० मिमी एफ २.८ बघा. या सगळ्यांना ४९ मिमीचाच फिल्टर लागतो, म्हणजे एक पिवळा फिल्टर घेतला की कृष्णधवल रोलसाठी सगळीकडे चालतो. घेण्याआधी लेन्स उजेडाकडे धरून मागून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर तीही नको, पाती वेळेवर मिटत नाहीत.

शटर तपासायला मागचं दार उघडून, लेन्स काढून, उजेडाकडे धरून १/१००० ला सोडा. फ्रेमची एक बाजू अंधारी दिसली तर पडदे एकसारखे धावत नाहीत. १ सेकंद कानाने कळतो. मध्येच अडखळला तर आतलं वंगण सुकलंय.

फोमच्या या भानगडीतच पडायचं नसेल तर? निकॉन एफएम (१९७७) बघा. तोही मेकॅनिकल, आणि सहज मिळणाऱ्या एलआर४४ सेलवर मीटर चालतो. एफएम२ (१९८२) मध्ये १/४००० मिळतं, फ्लॅशवाल्यांनी तोच घ्यावा, कारण ओएम-१ चा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जास्त शटर वेग, १/६० वरच थांबतो. पेंटॅक्स के१००० शिकायला चांगला, पण त्याच्या मीटरला स्विच नाही. लेन्सला झाकण लावायचं विसरलं की सेल उतरतो. कॅनन एई-१ ला सेल नसेल तर शटरच उडत नाही, त्यामुळे तो माझ्या यादीत कधीच नव्हता.

मी ओएम-१ विकणार नाही. सध्या त्यात एचपी५ हा कृष्णधवल रोल आहे आणि २८ मिमी लावलेली आहे. सुटे भाग मिळावेत म्हणून शटर मेलेली एखादी बॉडी शोधतेय, पण तिच्याही प्रिझमचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवणार नाही.