पफ पॅनलचं छत: उन्हाळ्यात आराम, डिसेंबरात टपटप

मार्चमध्ये सावद्याच्या घरी वरच्या खोलीवरचे साधे पत्रे काढून 50 मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम) टाकलं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना आई भरदुपारी तिथे झोपायची. पैसे वसूल, असं मी येईल त्याला सांगत होतो. पावसाळ्यातही थेंब नाही.

मग डिसेंबरात पहाटे साडेपाचला आईची हाक. "अरे भाऊ, गळतंय." आभाळ स्वच्छ, पाऊस कधीचाच गेलेला, आणि गोधडीवर हातभर ओला पट्टा. टॉर्च मारला तर आढ्याच्या पत्र्याला आतून मोहरीएवढे थेंब ओळीनं लटकलेले. दोन जुळले की टपकन खाली.

बसवणाऱ्याला तीनदा फोन केला. "थंडीत पॅनलला घाम येतोच," म्हणे. शेवटी माणूस आला, वरून सिलिकॉन फासलं, 600 रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते 600 मला अजून सलतात.

मग मीच दुपारी आढ्यावर अर्धा तास पाइपानं पाणी सोडलं. आत कोरडं ठाक. म्हणजे पाणी घरातलंच होतं! शेजारी न्हाणी, गीझरची वाफ, दोरीवर ओले कपडे, थंडीमुळे खिडक्या बंद. खोलीत 24 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली, तर 18 अंशांखालच्या पत्र्यावर पाणी सुटतंच. ढगाळ रात्री आढं कोरडं राहायचं. चांदण्या लख्ख दिसल्या की टपटप, कारण मोकळ्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार पडतो.

तोवर मी पॅनललाच शिव्या देत होतो. ते चुकलं. पॅनलला खालून हात फिरवला, कुठेच ओल नाही. रिज कॅप, म्हणजे आढ्यावरचा झाकणपत्रा, उघडली तेव्हा कळलं: दोन्ही उतारांची पॅनलं मिळतात तिथे तीन बोटं फट, फोमचा कण नाही, वर नुसता पत्रा. उबदार दमट हवा वर चढून थेट त्यालाच भिडत होती. तुमच्याकडे काम चालू असेल, तर कॅप ठोकण्याआधी शिडीवर चढून ही फट बघाच.

फटीत फोमचे दोन कॅन, आतून फ्लॅशिंग (फट झाकणारी पत्र्याची पट्टी), कडांना ब्युटाइल टेप (फटी बंद करणारी चिकटपट्टी), न्हाणीला एक्झॉस्ट फॅन. 2,300 रुपये गेले. आतली बाजू बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर वाफ पुन्हा वाट काढते.

आज अठरावा दिवस, आढं कोरडं आहे. पॅनलला पाच तारे. पण कोटेशनवर 'रिज फिलिंगसह' स्पष्ट लिहिलंय, तो कागद मी जपून ठेवलाय. माझे 2,900 परत येईपर्यंत कामाला एकच तारा.