क्लीनर रॅस की त्याचा तोतया?

प्रवाळांमधला बोटाएवढा मासा, फिकट निळं अंग, तोंडापासून निघून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा. एवढं दिसलं की बहुतेक जण फोटोखाली ‘क्लीनर रॅस’, म्हणजे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारा मासा, असं लिहून मोकळे होतात. घाई नको. हुबेहूब याच वेशात फॉल्स क्लीनरफिश नावाचा तोतयाही फिरतो. तो रॅस नाहीच, ब्लेनी नावाच्या वेगळ्याच माशांच्या गोतावळ्यातला आहे.

रंगावरून निवाडा करू नका. नक्कल रंगाचीच तर आहे. लांबीही उपयोगाची नाही, दोघेही साधारण १० ते १२ सेंटीमीटर. हिंदी महासागर असो वा पॅसिफिक, दोघे एकाच खडकावर सापडू शकतात.

पाहायचं ते तोंड. रॅसचं तोंड थेट मुस्कटाच्या टोकाला उघडतं. तोतयाचं मुस्कट पुढे आलेलं आणि तोंड त्याच्या खाली, मागे सरकलेलं, शार्कची आठवण यावी असं. खालच्या जबड्यात मोठे वाकडे सुळे असतात, पण तोंड मिटलेलं असताना ते दिसत नाहीत. फोटो बाजूने काढलेला असेल तर तो मोठा करून आधी तोंडच तपासा. बाकी सगळ्या खुणा एकत्र केल्या तरी माझा भरवसा त्या एका खुणेवरच जास्त आहे. तोंड अस्पष्ट असेल तर पाठीचा पर बघा. तोतयाचा पर डोक्याच्या मागूनच सुरू होतो आणि जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो, रॅसचा जरा मागून सुरू होतो.

पाण्यात समोर असेल तर वागणूक कामी येते. खालीवर डोलत पोहणं दोघांचंही असतं. पण रॅस मोठ्या माशांच्या कल्ल्यांत, अगदी तोंडातही शिरून परजीवी वेचतो. तोतया नळीतल्या कृमींचे झुपके, शिंपल्यांच्या मांसल कडा, माशांची अंडी खातो आणि संधी मिळाली तर दुसऱ्याच्या पराचा लचका तोडतो. धोका वाटला की तो शेपटीकडून बिळात शिरतो आणि डोकं तेवढं बाहेर ठेवतो. हे दिसलं तर प्रश्नच मिटला. अंग साफ करून घ्यायला आलेला गिऱ्हाईक मासा दचकला म्हणून मात्र तोतया ठरवू नका. अस्सल रॅससुद्धा मधूनच परजीवी सोडून माशाच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो, आणि मासा तेव्हाही तसाच दचकतो.

काळं अंग आणि पाठीवर झगझगीत निळी रेघ असेल तर ते बहुधा क्लीनर रॅसचं पिल्लू. त्याची नक्कल करणारा ब्लेनी वेगळा, ब्लूस्ट्राइप्ड फँगब्लेनी. तोंड त्याचंही मुस्कटाच्या खालीच असतं.